प्लग नवे, कॉइल नव्या, तरी इंजिनचा दिवा: बॉक्स्टरचं चार नंबरचं सिलिंडर आधी शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २००७ ची पोर्शे बॉक्स्टर, २.७ लिटर, मॅन्युअल गिअर, घर पिंपळगाव बसवंतला. गाडी थंड असताना मिसिंग मारायची, म्हणजे एखादं सिलिंडर मधेच पेटायचं चुकायचं, म्हणून सहा प्लग आणि सहा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) नव्या टाकल्या. दोन दिवस गाडी सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी मुंबईहून येताना कसारा घाट चढताना इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, इगतपुरीला सपाटी लागल्यावर स्थिर झाला आणि अजून तसाच आहे. मोबाईलला जोडायच्या स्कॅनरवर तीन कोड आले: पी ०३०० (कुठल्याही सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे न पेटणं), पी ०३०४ (चार नंबरचं मिसफायर) आणि दुसऱ्या बँकेचं, म्हणजे तीन सिलिंडरच्या दुसऱ्या ओळीचं, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याचा एक. गॅरेजवाल्याने चार नंबरची कॉइल पुन्हा बदलली, मग प्लगही बदलला. कोड हलला नाही. आता तो म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, दीड लाख धरा.

दीड लाख खिशातच ठेवा. सत्तावीस वर्षं हे काम करतोय, आधीची काही मुंबईत आणि आता नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये. एका सिलिंडरपुरता ईसीयू जळालेला पाहिलाच नाही असं नाही, पण ती गाडी आधी इतर सगळ्या परीक्षा देऊन माझ्याकडे आली होती. तुमच्या गाडीची अजून एकही परीक्षा झालेली नाही, नुसती खरेदी झाली आहे. या इंजिनचा ईसीयू बॉशचा मोट्रॉनिक आहे. नाशिककरांना बॉश म्हणजे मायको (कंपनीचं इथलं जुनं नाव), त्यामुळे ‘मायकोची वस्तू अशी सहज जात नाही’ हे आमच्या वडीलधाऱ्यांचं वाक्य मी इथे वापरून घेतो.

घाटात दिवा लुकलुकला आणि सपाटीवर स्थिर झाला, यात बरीच माहिती आहे. क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याला, साठ दातांच्या हिशेबाची एक चकती असते, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर ते दात मोजत राहतो. सहा सिलिंडरच्या या इंजिनात क्रँक १२० अंश फिरला की एक सिलिंडर धक्का देतं, क्रम १-६-२-४-३-५. ज्या सिलिंडरचा धक्का बसत नाही, त्याच्या वाट्याचे ते १२० अंश कापायला क्रँकला किंचित जास्त वेळ लागतो. न्यूट्रलला ७०० च्या आसपास आरपीएम असतानाही सेकंदाला ३५ धक्के होतात, आणि त्यातला कोणता कमी पडला हे ईसीयू ओळखतो. म्हणजे ‘चार नंबरचं मिसफायर’ हा कॉइलवरचा किंवा प्लगवरचा आरोप नाही. चार नंबरने धक्का दिला नाही, एवढीच ती साक्ष आहे. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नव्हतं, हे कोड सांगत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याची पहिली चूक हीच: कोडला त्याने पार्टची यादी समजलं.

दिव्याचे दोन हिशेब असतात. क्रँकच्या दर १००० फेऱ्यांचा एक, धूर वाढतोय का ते बघायला. दुसरा दर २०० फेऱ्यांचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) धोक्यात आहे का ते बघायला. दुसऱ्या हिशेबात आकडा वर गेला की दिवा लुकलुकतो. ३००० आरपीएमला २०० फेऱ्या म्हणजे चार सेकंद. न जळलेलं पेट्रोल आणि हवा कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि आतली जाळी वितळू शकते. म्हणून लुकलुकता दिवा दिसला की पाय सोडायचा, घाट असला तरी. मागून ट्रकवाला हॉर्न मारेल, मारू द्या. कन्व्हर्टरच्या किमतीत असे बरेच हॉर्न ऐकून घेता येतात.

लीनच्या कोडला घाबरून कुणी तुम्हाला हवा मोजणारा सेन्सर विकेल. थांबा. सिलिंडर पेटलं नाही तर त्यातला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. त्याला वाटतं हवा जास्त झाली, मिश्रण दुबळं आहे, आणि ईसीयू त्या बँकेला आणखी पेट्रोल ओततो. बॉक्स्टरमध्ये १, २, ३ ही पहिली बँक आणि ४, ५, ६ दुसरी. तुमचा कोड फक्त दुसऱ्या बँकेचा आहे आणि चार नंबर तिथलाच. तो मिसफायरचा मुलगा आहे, बाप नाही. दोन्ही बँका लीन दाखवत असत्या तर मी एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा आधी बघितल्या असत्या, कारण प्लगच्या कामासोबत ‘जाता जाता’ फिल्टर बदलताना ती क्लिप सैल राहते. तेवढी एक नजर टाकाच, पण खर्च करू नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय, ‘व्हिडिओत बघून पॅसेंजर साइड, ड्रायव्हर साइड नीट तपासली.’ मला वाटतं घोटाळा इथेच झालाय. कॉइल दुसऱ्यांदा बदलली ती चार नंबरची नव्हतीच.

पोर्शेचीच दुसरी गाडी नऊशे अकरा (९११) आणि बॉक्स्टर यांची इंजिनं एका घराण्यातली. पण नऊशे अकरामध्ये इंजिन पार मागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढे. बॉक्स्टरमध्ये इंजिन सीटांच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. म्हणजे तेच इंजिन उलटं फिरवून बसवलंय. नऊशे अकराची पहिली बँक डावीकडे येते, बॉक्स्टरची उजवीकडे. वर अमेरिकन व्हिडिओ. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. ते बॉक्स्टरची दुसरी बँक दाखवताना ‘ड्रायव्हर साइड’ म्हणतात. तुमचा माणूस आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला गेला, म्हणजे सरळ पहिल्या बँकेवर, आणि बहुधा एक नंबरची कॉइल बदलून बसला. नऊशे अकराचं चित्र उघडून बसला असेल तरी हाच गोंधळ होतो.

म्हणून ड्रायव्हर-पॅसेंजर हे शब्दच सोडून द्या. गाडीत बसा, तोंड समोर करा. उजव्या हाताला १, २, ३, डाव्या हाताला ४, ५, ६. मोजणी सीटांकडून, म्हणजे इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूने सुरू होते आणि गिअरबॉक्सकडे जाते. चार नंबर म्हणजे डावीकडचं सगळ्यात पुढचं. माझ्या शब्दावरही विसंबू नका, गाडीलाच विचारा. इंजिन बंद ठेवून डाव्या बाजूच्या सहा नंबरचा, म्हणजे सगळ्यात मागच्या कॉइलचा कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) काढा. इंजिन चालू करून न्यूट्रलला दहा-पंधरा सेकंदच ठेवा आणि बंद करा. स्कॅनरवर सहाचा मिसफायर वाढला तर मोजणी बरोबर. चालू इंजिनवर कपलर ओढायचा नाही, झटका तुम्हालाही बसतो आणि ईसीयूलाही.

समजा सिलिंडर बरोबर होतं आणि माझा अंदाज चुकला. तरीही खरेदी नाही. दोष जागेवरून हलवून दाखवायचा.

डावं मागचं चाक काढा. गाडी जॅकवर नको, स्टँडवर घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला की आटे जातात. चारची कॉइल पाचला लावा, पाचची चारला. चारचा प्लग सहाला, सहाचा चारला. खडूने किंवा चिकटपट्टीने खुणा करा आणि फोटो काढा. हात काळे झाल्यावर स्मरणशक्तीही काळी होते. प्लग हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचा, मग टॉर्क रेंचने ३० न्यूटन मीटर. कॉइलचे बोल्ट १० ला. कोड पुसा, गाडी चालवा. पी ०३०५ आला तर दोषी कॉइल. पी ०३०६ आला तर प्लग. पी ०३०४ च राहिला तर दोघंही निर्दोष, आणि आपण वायर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांच्याकडे जायचं. एक चाक, एक तास, नवा पार्ट शून्य. कॉइल आणि प्लगची जोडी एकत्र हलवू नका. कोड त्यांच्या मागे गेला तरी दोघांतला कोण हे कळणार नाही.

‘पण सगळं नवं आहे’ हे वाक्य माझ्या शेडमध्ये आठवड्यातून दोनदा ऐकू येतं. नवा पार्ट म्हणजे तपासलेला पार्ट नव्हे. नामांकित खोक्यात नकली माल बाजारात भरपूर आहे. खोकं चमकतं, आतला प्लग चारशे किलोमीटरमध्ये दम सोडतो. शिवाय प्लग हातातून पडला की चिनीमातीला केसाएवढी चीर जाते, डोळ्यांना दिसत नाही. माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचा प्लग माझ्या हातून फरशीवर पडला, मी तो पुसून बसवला. न्यूट्रलला गाडी अगदी शांत. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं, म्हणालं चढाला दम खातेय. दोन दिवस मी कार्बन, पेट्रोल, फिल्टर सगळं तपासलं, फक्त माझा प्लग सोडून. तेव्हापासून पडलेला प्लग थेट डब्यात.

चढालाच का, तर रेस दिली की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. गॅपमधून जाणं अवघड झालं की वीज सोपी वाट शोधते: चिरेतून, ओल्या रबरातून, कॉइलच्या फाटलेल्या रबरी टोपीतून. म्हणून अर्धवट बिघडलेली कॉइल द्वारका चौकातल्या गर्दीत साधू बनून राहते आणि कसाऱ्यात उघडी पडते. त्याच कारणाने मल्टिमीटर लावून ‘ओहम बरोबर आहे’ म्हणून कॉइल पास करू नका. थंड, बिनभाराच्या कॉइलचा तो आकडा घाटातलं काहीही सांगत नाही.

या इंजिनांच्या कॉइल वर नसतात, बाजूला खालच्या अंगाला असतात. चाकांनी उडवलेलं पाणी आणि वॉशिंग सेंटरला खालून मारलेलं प्रेशर थेट त्यांच्यावर. उष्णतेने त्यांच्या बाहेरच्या कवचाला चिरा पडतात आणि पाणी आत शिरतं. ही या इंजिनांची जुनी ओळखीची खोड आहे. तुम्ही ऐन पावसात मुंबईहून आलात, त्यामुळे हेही डोक्यात ठेवा. नवीन कॉइल हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. रात्री अंधारात, गाडी न्यूट्रलला असताना, स्प्रेच्या बाटलीने कॉइलभोवती पाण्याचा बारीक फवारा मारला तर गळणारी ठिणगी निळी दिसते. हात लांब, पायात रबरी चप्पल.

कॉइल काढली की प्लगच्या नळीत टॉर्च मारा. आत तेल दिसलं तर नळीच्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा) कडक झाल्यात. तेल साचलं की नवीन कॉइलचं रबरही फुगतं आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा याच प्रश्नावर येता. नळी आणि रिंगा बदलणं हे स्वस्त काम आहे, फक्त ते आधी दिसलं पाहिजे.

पण सिलिंडर बरोबर शोधल्यावर माझी पहिली पैज कशावर असेल, तर कपलरवर. इतकी वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं प्लॅस्टिक. कॉइल बदलताना लॉक दाबलं की कडकन तुटतं, मिस्त्री कपलर तसाच ढकलून देतो, ‘टक’ असा आवाज आला का ते बघत नाही. दोन दिवस तो घट्ट राहतो, तिसऱ्या दिवशी घाटातल्या हादऱ्यांनी सरकतो. तुमच्या गाडीची कहाणी याला फार जुळते. कपलर काढून आतल्या पिना बघा. एखादी पिन मागे सरकलेली असेल तर कपलर वरून घट्ट वाटतो आणि आत स्पर्श अर्धाच होतो. पिन पुढे ओढून बसवा, लॉक तुटलं असेल तर नवीन कपलर लावा. प्लॅस्टिकची पट्टी आवळून काम भागतं, मीही भागवलंय, पण तो रविवारचा इलाज आहे.

वायरिंग बघताना उंदीर विसरू नका. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत गाडी शेडमध्ये उभी राहते, शेजारी क्रेट, रद्दी, गोणपाट. उंदरांना इंजिनच्या वरची ऊबदार जागा आवडते आणि वायरचं आवरणही. तंबाखूची पानं ठेवणारे बरेच आहेत; माझ्याकडे तंबाखूच्या पानांवरच घरटं केलेली एक गाडी आली होती. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा आणि वरचं झाकण उघडून बघा, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

हलवाहलवीनंतरही कोड चारवरच चिकटून बसला आणि कपलर, वायर ठीक असली, तर कॉम्प्रेशन मोजा. चार, पाच, सहा तिन्ही मोजा आणि एकमेकांशी ताडा. एकट्या आकड्यापेक्षा फरक जास्त बोलतो. कॉम्प्रेशन सारखं असेल तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा). त्यासाठी वरचं इनटेक (हवा आत नेणारा भाग) उघडावं लागतं, ते काम घरी करू नका. त्यानंतर ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून ईसीयू चारच्या कॉइलला हुकूम देतोय का ते बघायचं. तो हुकूमच येत नसेल, वायर अखंड असेल, तेव्हा ईसीयूचं नाव काढायचं. तेव्हाही आधी दुरुस्ती, बदली नंतर.

काही गोष्टी करू नका. कोड पुसायला बॅटरीची वायर काढू नका, स्कॅनरने पुसा, आणि पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या: दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, पाणी किती गरम, हे त्यात असतं. पुसलं की ते गेलं. बॅटरी काढायचीच वेळ आली तर लक्षात ठेवा, बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी सुटी ठेवून डिकी लावली की किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं. मग फ्यूज बॉक्समधून बाहेरची वीज देऊन उघडत बसा. दाराच्या काचाही आपली वरची हद्द विसरतात, त्या पुन्हा शिकवाव्या लागतात.

आणखी एक. मागचं चाक काढलं, चाकाजवळच्या वायरीला धक्का लागला, की एबीएसचा किंवा पीएसएमचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. तो वेगळा दिवा, वेगळा आजार. डावं चाक लावल्यावर असा नवीन दिवा दिसला तर इंजिनकडे वळू नका, त्या सेन्सरचा कपलर बघा.

दोष सापडून बसला की कोड पुसल्यावर दिवा विझेल. कोड पुसला नाही तरी दिवा आपोआप विझतो, पण लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्या लागतात, इंजिन थंड ते गरम होईपर्यंतच्या. तेवढ्यात ‘अजून लागलाय’ म्हणून नवीन पार्ट आणायला पळू नका. पुसल्यावर ईसीयूला दातांच्या चकतीची बारीक फरकांची नोंद पुन्हा घ्यावी लागते. ती गाडी गिअरमध्ये असताना, पाय पूर्ण सोडून वेग आपोआप उतरत असताना होते. मोकळ्या रस्त्यावर असं तीन-चारदा करा. आग्रा रोडवर सकाळी सहाला जमतं, नऊला नाही.

नंतर खरी परीक्षा पुन्हा कसाऱ्यातच. आधी घोटीपर्यंत जा, पाणी नीट गरम होऊ द्या, घाट उतरा आणि परत येताना चौथ्या गिअरमध्ये चढावर रेस द्या. स्कॅनरवर सहाही सिलिंडरचे मिसफायर मोजणारा पडदा उघडा ठेवा. पण तो तुम्ही बघू नका, शेजारी कुणाला तरी बसवा. सगळे आकडे शून्यावर राहिले तर गाडी घेऊन छाटणीला लागा. चारचा आकडा सरकला तर दिवा लुकलुकायच्या आत पाय सोडा आणि फ्रीझ फ्रेमच्या फोटोसह मला कळवा. कॉइल आणि प्लग कुठून कुठे हलवले त्याच्या खुणांचा फोटोही सोबत हवा, त्याशिवाय मी पुढचं काही सांगणार नाही.